मधल्या घरातले दोन धागे

थोरलीला डावं-उजवं पटकन कळायचं नाही. रिक्षावाल्याला "डावीकडे घ्या" सांगताना तिचा हात हमखास उजवीकडे जायचा, आणि रिक्षावाला तिच्या तोंडाचं ऐकतो की हाताचं, यावर ती घरी कधी पोचणार ते ठरायचं. दुकानात गेली की काय आणायला आलो होतो हे दारातच विसरायची, आणि रिकाम्या हाताने परत कसं जायचं म्हणून समोर दिसेल ते घेऊन यायची. त्यापायी घरात चहाच्या सात गाळण्या जमल्या होत्या. नवरा म्हणायचा, "तुझ्या डोक्यात सगळं आहे गं, फक्त कप्पे लावायचे राहून गेलेत." ती हसायची, पण मनातून तिला ते खरंच वाटायचं.

आणि हीच बाई गेली बावीस वर्षं असं काम करत होती, ज्यात एका धाग्याची चूक चालत नाही.

कागद कशावर तयार होतो हे आपल्याला सहसा ठाऊक नसतं. पाण्यासारखा पातळ लगदा एका धावत्या जाळीवर पडतो, पाणी जाळीतून खाली गळून जातं, आणि वर जो ओला थर उरतो तो पुढे दाबला जातो, वाळतो, कागद होतो. ही जाळी प्लॅस्टिकच्या, केसाइतक्या बारीक धाग्यांची, कापडासारखी मागावर विणलेली असते. थोरलीच्या कारखान्यात अशाच जाळ्या विणायचे. पण मागावरून जाळी उतरते ती सतरंजीसारखी, दोन टोकं असलेली. आणि कागदाच्या मशीनवर तिला पट्ट्यासारखं गोल फिरायचं असतं. तेव्हा तिची दोन टोकं एकमेकांना जोडावी लागतात. शिवून नव्हे, गाठी मारून नव्हे, चिकटवून तर नव्हेच. कारण शिवण आली की प्रत्येक फेऱ्याला तिचा वळ कागदावर उठणार. म्हणून दोन्ही टोकांचे उभे धागे मोकळे करायचे आणि एकेक धागा भिंगाखाली चिमट्याने उचलून विणीतल्या आपापल्या घरात बसवायचा, असा की जाळी जन्मापासून गोलच होती असं वाटावं. साडेपाच मीटर रुंदीच्या जाळीला असे तेहेतीस हजार धागे. दोन बायका दोन काठांनी सुरुवात करायच्या आणि बारा दिवसांनी मधोमध भेटायच्या.

भिंगाखाली डोळा लावला की थोरलीच्या डोक्यातला सगळा पसारा कुठल्या कुठे जायचा. तिथे डावं-उजवं नव्हतं. वर एक धागा, खाली दोन, पुन्हा वर एक. आपल्याला हे कसं जमतं हे तिला कधी उमगलं नव्हतं, आणि उमगून घ्यायची तिला भीतीही वाटायची. उगाच विचार केला आणि हात अडखळला तर?

लग्न होऊन आली तेव्हा तिचा नवरा त्याच कारखान्यात मागावर होता. जोडखात्यात माणसं हवी आहेत असं त्याच्याकडून कळलं म्हणून ती नुसतीच बघायला गेली. जोडखात्याचे प्रमुख गळ्यात दोरीने भिंग अडकवून फिरायचे. त्यांना सगळे भिंगकाका म्हणत. त्यांनी तिच्यापुढे वीतभर जाळीचा तुकडा ठेवला, त्यातला एक धागा उसवला, चिमटा दिला आणि म्हणाले, "घाला परत." ती चिमटा उलटा धरून बराच वेळ नुसती बसली. हिच्याच्याने काही व्हायचं नाही, असं मनाशी ठरवून काका दुसरीकडे वळले. परत आले तर धागा घरात बसलेला आणि बाई विचारत होती, "काका, उसवलेला नक्की कुठला होता? हा की तो?"

काकांनी भिंग लावून पाहिलं. त्यांनाही सांगता येईना. दुसऱ्या दिवसापासून ती कामावर लागली.

पुढे दिराचं लग्न झालं आणि धाकटी घरात आली. चुणचुणीत, तोंडाने फटकळ, डावखुरी. थोरलीनेच तिला जोडखात्यात आणलं आणि शेजारी बसवून शिकवलं. कारखान्यात दोघींची खरी नावं हळूहळू मागे पडली. शिपायापासून साहेबापर्यंत सगळे त्यांना थोरली आणि धाकटीच म्हणू लागले. मोठी जाळी आली की एका काठाला ही, दुसऱ्या काठाला ती, हे ठरलेलंच.

मग सहा वर्षांपूर्वी काय झालं ते ऐका. घर अपुरं पडायला लागलं म्हणून दीर आणि धाकटी वरच्या मजल्यावर राहायला गेले. भांडण नाही, तंटा नाही. सामान हलवायच्या दिवशी शेवटची बादली उचलून धाकटी दारात थांबली आणि काहीतरी बोलली. आत मिक्सर चालू होता. थोरलीने ऐकलं ते असं, "तुमच्यावाचून आमचं काही अडत नाही." धाकटीचं म्हणणं, ती म्हणाली होती, "तुमच्यावाचून आमचं फार अडेल." मिक्सर बंद होईपर्यंत धाकटी जिना चढून गेली होती. थोरली दोन दिवस गप्प बसली. ती का गप्प आहे हे न कळून धाकटी चार दिवस गप्प बसली. मग आधी कोण बोलणार, यावर अडलं ते अडलंच. सासूने एकदा मध्ये पडून पाहिलं, पण तिला दोघींचंही म्हणणं पटलं, त्यामुळे काहीच निष्पन्न झालं नाही.

कामावर मात्र बोलावंच लागायचं. "दोनशे झाले." "माझे एकशे ऐंशी." "दिवा जरा इकडे." एवढंच. बारा दिवस दोघी दोन काठांवरून एकमेकींच्या जवळ जवळ सरकायच्या, शेवटच्या दिवशी डोक्याला डोकं लागेल इतक्या जवळ यायच्या, आणि जोड पुरा झाला की उठून दोन वेगळ्या नळांवर हात धुवायच्या.

तर एका सकाळी कागद कारखान्यातून भिंगकाकांच्या टेबलावर एक पाकीट आलं. आत कागदाचा तुकडा. उजेडाशी धरला की त्यात तांदळाच्या दाण्याएवढा एक फिकट डाग दिसत होता. नवी जाळी चढवून चारच दिवस झाले होते आणि दर अठ्ठावीस मीटरला, अगदी घड्याळ लावल्यासारखा, हा डाग येत होता. जाळीची लांबी अठ्ठावीस मीटर. डाग काठापासून पावणेतीन मीटरवर, म्हणजे बरोब्बर मध्यात. जोडाच्या शेवटच्या घरात.

काकांनी दोघींना बोलावलं. आवाज चढवला नाही. तो त्यांचा स्वभावच नव्हता. "शेवटचे धागे कोणी घातले, एवढं सांगा. शिक्षा-बिक्षा काही नाही. पण वर साहेबांना कोणाचं तरी नाव सांगावं लागेल."

"त्यांनी," धाकटी म्हणाली.

"हिने," थोरली म्हणाली.

दोघी एकदमच बोलल्या आणि दोघीही दचकल्या. कारण त्या एकमेकींवर ढकलत नव्हत्या. दोघींनाही खरंच तसंच आठवत होतं.

जोड पुरा झाला तो दिवस दीड महिन्यापूर्वीचा. दिवस लक्षात राहण्यासारखाच होता. दुपारी चारच्या सुमाराला, मधलं एकच घर उरलं असताना, घरून फोन आला होता की सासूबाई बाथरूममध्ये घसरून पडल्या. जोडखात्यात फोन आत नेऊ देत नाहीत. बाहेरच्या टेबलावर ठेवायचे. थोरलीला आठवत होतं ते असं, की ती फोन घ्यायला बाहेर गेली, आत आली तर जोड पुरा झालेला आणि धाकटीची खुर्ची रिकामी. धाकटीला आठवत होतं ते असं, की "आई पडल्या" असं ऐकल्यावर ती दोघींच्या पिशव्या आणायला कपाटाकडे पळाली, परत आली तर जोड पुरा झालेला आणि जाऊबाई दाराशी चपला घालत होत्या.

काकांनी जोडाचं कार्ड काढलं. त्यावर दोघींच्या सह्या होत्या. त्याने गोंधळ कमी व्हायच्या ऐवजी वाढला.

"म्हणजे दोघी बाहेर होतात, आणि जोड आपोआप पुरा झाला," काका म्हणाले. "असं व्हायला लागलं तर मला आणि तुम्हाला घरीच बसावं लागेल."

थोरली घरी आली ती विचार करतच. आपण खोटं बोलत नाही हे तिला ठाऊक होतं. धाकटी कितीही फटकळ असली तरी कामाच्या बाबतीत खोटं बोलणारी नव्हे, हेही तिला ठाऊक होतं. मग उरलं कोण? तिने सासूला विचारलं, "आई, तुम्ही पडलात त्या दिवशी आधी कोण आलं? मी की धाकटी?"

"मी पडलेच नाही," सासू म्हणाली. "मी खाली बसले होते. उठता येत नव्हतं, इतकंच."

"बरं, बसला होतात. उठवलं कोणी?"

"तुम्ही दोघींनी. एकीने या बगलेत हात घातला, एकीने त्या. तू जास्त जोरात ओढलंस. अजून दुखतोय खांदा."

थोरलीला आठवत होतं, तिने सासूला एकटीने उठवलं होतं. अगदी स्वच्छ आठवत होतं. ओली फरशी, कलंडलेली बादली, सासूचा ओला पदर. त्या चित्रात धाकटी कुठेच नव्हती.

नवऱ्याला विचारलं तर तो पेपरातून मान वर न करता म्हणाला, "दोघी एका रिक्षातून गेलात की. मी कारखान्याच्या गॅलरीतून पाहिलं."

"एका रिक्षातून? आम्ही? अहो, आम्ही बोलतसुद्धा नाही."

"रिक्षात बसायला बोलावं लागत नाही."

आता मात्र तिची पाचावर धारण बसली. गाळण्यांचं विसरणं वेगळं. पण सहा वर्षं ज्या बाईशी बोलणं नाही, तिच्या मांडीला मांडी लावून आपण रिक्षातून घरी आलो आणि ते आपल्याला आठवत नाही? मग शेवटचा धागा कोणी घातला हे आपल्याला आठवतंय, त्याचा तरी काय भरवसा? वरून धाकटीच्या घरात खुर्ची सरकल्याचा आवाज आला. जिना चढून जावं आणि विचारावं, असं तिला एकदा वाटलं. ती उठलीसुद्धा. दारापर्यंत गेली आणि आपण कशाला उठलो होतो तेच विसरल्यासारखी परत येऊन बसली. या वेळी मात्र ती काहीच विसरलेली नव्हती.

कागद कारखान्याने आठवड्याच्या देखभालीसाठी मशीन बंद ठेवलं तेव्हा काका तिला घेऊन निघाले. दोघींपैकी एकीलाच न्यायचं होतं. "तुमचा हात जास्त स्थिर आहे," ते एवढंच म्हणाले. कारखान्याच्या गाडीत हत्यारांची पेटी मांडीवर घेऊन ती दोन तास बसली होती. बावीस वर्षांत तिने किती जाळ्या जोडल्या याचा हिशेब नव्हता, पण जाळी चढवलेलं मशीन तिने कधी पाहिलं नव्हतं.

पाहिलं तेव्हा तिला ते मशीन वाटेचना. एखादी गल्लीच्या गल्ली आडवी करून लोखंडात ओतावी तसं काहीतरी होतं ते. उकाडा, दमट हवा, ओल्या लाकडासारखा वास. जोडखात्यात जाळी पांढरी स्वच्छ असायची, हातमोजे घालून हात लावायचा. इथे तीच जाळी रुळांवर ताणलेली, पिवळट, ओली, कडेला लगद्याचे गोळे चिकटलेली. आपल्या पोरीला परक्या घरी मळक्या कपड्यांत पाहावं तसं तिला झालं, आणि ही आपलीच कशावरून, असंही वाटलं.

तिथला मशीनचा फोरमन ओरडूनच बोलायचा. मशीन बंद होतं तरी त्याला सवयच जडली होती. "जोड कुठाय ते आम्हाला चार दिवस सापडत नाहीये, बाई! डाग दिसतो, जोड दिसत नाही!"

हे कौतुक की तक्रार, ते तिला कळेना. काठाला जोडाची निळी खूण असते ती तिने शोधली, जाळी हळूहळू फिरवून खूण वर आणायला सांगितली, मग जाळीच्या वर आडव्या टाकलेल्या फळीवर पालथी पडून मधोमध सरकली आणि भिंग लावलं. डोक्यातला पसारा नेहमीसारखा ओसरला. वर एक, खाली दोन. वर एक, खाली दोन. आणि एका घरात दोन धागे, एकमेकांना खेटून बसलेले.

दोन काठांनी जोडत आलं की मधोमध एखादा धागा जादा उरतो, हे नेहमीचंच. तो घरात घालायचा नसतो. खालच्या बाजूला काढून कापून टाकायचा. इथे तो कापला नव्हता. एका घरात दोन धागे कोंबल्यामुळे तिथून पाणी गळत नव्हतं, म्हणून डाग. इतकी साधी गोष्ट. पण थोरली भिंगावरून डोळा काढेना.

धागा बसवला की त्याचं टोक कात्रीने तिरपं कापतात. थोरली उजव्या हाताने कापायची, तिचा तिरपेपणा एकीकडे झुकायचा. धाकटी डाव्या हाताने कापायची, तिचा दुसरीकडे. हजार धाग्यांतून कोणता कोणाचा हे ती झोपेतही सांगू शकली असती. त्या घरातल्या दोन धाग्यांपैकी एकाचं टोक इकडे झुकलेलं होतं आणि एकाचं तिकडे.

म्हणजे दोघींनीही घातला होता. धाकटीने बहुधा पिशव्या आणायला उठता उठता आपला धागा घरात सारला. थोरली आत आली तेव्हा स्वतःच्या बाजूचा धागा लोंबताना पाहून तिने तोही त्याच घरात बसवला. चपला घालायच्या आधी, आई पडल्यात या धसक्यात, हातांनी आपलं रोजचं काम करून टाकलं आणि डोक्याला कळवलंच नाही. आणि मग दोघींनीही प्रामाणिकपणे दुसरीकडे बोट दाखवलं.

तिने स्वतःच्या उजव्या हाताकडे पाहिलं. हात तिचाच होता. आठवण मात्र नव्हती.

"सापडलं का?" काकांनी खालून विचारलं.

"सापडलं."

"मग काढा की."

"कुठला काढू?"

"जादा असेल तो."

"जादा कुठलाच नाहीये, काका. दोन्ही नीट आहेत."

एक काढला की दुसरा बरोबर ठरणार आणि काढलेला चुकीचा, एवढंच तिच्या डोक्यात घोळत राहिलं. फोरमन घड्याळ बघायला लागला. ती चिमटा हातात घेऊन तशीच पडून राहिली, आणि मग काय मनात आलं कोण जाणे, ती फळीवरून खाली उतरली, हातमोजे काढले आणि काकांकडे फोन मागितला.

जोडखात्यातून कोणीतरी धाकटीला बाहेर बोलावून आणलं.

"हॅलो. मी बोलतेय," थोरली म्हणाली.

पलीकडून घाबरलेल्या आवाजात, "कोण गेलं?"

"कोणी नाही गेलं. मी आहे."

"तुम्ही फोन केलात म्हणून म्हटलं. आई बऱ्या आहेत ना?"

"सगळे बरे आहेत. अगं, मधल्या घरात दोन धागे आहेत. एक तुझा, एक माझा."

"माझा? मी तर घातलाच नाही."

"मीही नाही घातला. पण आहेत. तुझं टोक डाव्या कात्रीचं आहे, मी डोळ्यांनी पाहिलं."

धाकटी म्हणाली, "मला काहीच आठवत नाही हो."

"मलाही नाही. आता सांग, कुठला काढू?"

"माझा काढा."

"का म्हणून? तुझा सरळ बसलाय."

"मग तुमचा काढा."

"असा कसा लगेच माझा काढा?"

"अहो जाऊबाई, विचारताय तुम्ही, सांगतेय मी, आणि रागावताय पण तुम्हीच!"

थोरलीला हसू आलं, आणि आपण हसलो हे तिला पलीकडे ऐकू गेलं असेल या विचाराने ओशाळल्यासारखंही झालं. विषय बदलायचा म्हणून तिने घाईने विचारलं, "त्या दिवशी आपण दोघी एका रिक्षातून घरी गेलो का गं?"

"रिक्षा कुठली? एकही थांबेना. पळत गेलो आपण. वाटेत तुमची चप्पल तुटली, मग माझी घातलीत."

"आणि तू?"

"मी तशीच, अनवाणी. का?"

थोरलीच्या डोळ्यांपुढे घरची चपलांची मांडणी आली. तिच्यात दीड महिन्यापासून एक तपकिरी चपलांचा जोड पडून होता. नणंद विसरून गेली असेल असं समजून तिने तो पुसून, कागदात गुंडाळून ठेवला होता. नणंद येऊन गेली त्याला आठ महिने झाले होते.

"काही नाही," ती म्हणाली. "ठेवते."

ती परत फळीवर चढली. आता कुठला काढायचा याचा काही निकाल लागला होता असं नव्हे, पण हात चालायला लागला. तिने स्वतःचा धागा चिमट्याने अलगद उचलला, खालच्या बाजूला ओढला आणि कापला. धाकटीचा सरळ होताच. त्याच्या दोन्ही बाजूंची वीण तिने सुईच्या टोकाने जरा जरा सारून नीट केली. पंधरा मिनिटांचं काम.

खाली उतरल्यावर फोरमनने विचारलं, "बाई, एक सांगा. तुम्ही दोन्ही काठांनी सुरू करता आणि मध्ये भेटता?"

"हो. पहिल्यापासून."

"म्हणजे उरलंसुरलं सगळं मध्ये येणार. आमचा कागद तर मध्येच असतो. काठाचा चार बोटं कागद आम्ही कापूनच टाकतो. मधून सुरू करून काठाकडे का नाही जात? मग काठाला काय वाटेल तो घोळ होऊ दे."

थोरलीने काकांकडे पाहिलं. काकांनी थोरलीकडे पाहिलं. बावीस वर्षं तिची आणि पस्तीस वर्षं काकांची, यात हा प्रश्न एकदाही कोणाच्या डोक्यात आला नव्हता. काकांनी गळ्यातलं भिंग उगाचच पुसलं आणि म्हणाले, "विचार करायला हरकत नाही."

मशीन सुरू झालं तेव्हा जमीन हादरायला लागली. लगदा पडला, पाणी गळायला लागलं, आणि थोड्या वेळाने पलीकडच्या टोकाला कागद गुंडाळला जाऊ लागला. फोरमनने एक लांबलचक पट्टा फाडून आणला आणि उजेडाशी धरला. "गेला डाग!" तो ओरडला. थोरलीने निरखून पाहिलं. तिला डाग दिसला नाही. पण तो खरंच गेलाय, की इतका वेळ भिंगातून बघून डोळे दमलेत, हे तिला ठरवता येईना. तिने तो पट्टा काकांना दिला. काकांनीही पाहिला आणि मान डोलावली, तेव्हा तिने श्वास सोडला.

परतीच्या वाटेवर गाडीत काका खिडकीबाहेर बघत म्हणाले, "एक सांगायचं राहिलं. काल संध्याकाळी धाकटी माझ्याकडे आली होती. म्हणाली, चूक माझी आहे, साहेबांना माझं नाव सांगा."

"तिला आठवलं?"

"तेच विचारलं मी. म्हणाली, आठवत तर काहीच नाही. पण जाऊबाईंची चूक असणार नाही, म्हणजे माझीच असेल."

थोरली मांडीवरच्या पेटीची कडी उघडझाप करत राहिली. तिला राग आला होता, पण तो धाकटीचा आला होता की स्वतःचा, आणि त्याला रागच म्हणायचं का, हे कळत नव्हतं. सहा वर्षं जी बाई आपल्याला पाण्यात पाहते असं आपण धरून चाललो, ती परस्पर जाऊन असं सांगून येते. मग त्या दिवशी दारात ती नक्की काय म्हणाली होती? थोरलीने ते शब्द पुन्हा आठवून पाहिले. पण आता तिला त्यात मिक्सरचा आवाजच जास्त ऐकू यायला लागला.

"मग साहेबांना काय सांगणार तुम्ही?" तिने विचारलं.

"एक गुन्हेगार सापडत नव्हता, आता दोन झालेत," काका म्हणाले. "सांगेन, जोडण्याची पद्धत चुकत होती. ती सुधारली."

पुढची मोठी जाळी आली तेव्हा काकांनी दोन्ही खुर्च्या मधोमध ठेवल्या. थोरली एका बाजूने काठाकडे सरकणार, धाकटी दुसऱ्या बाजूने. पहिले दोन दिवस कोपराला कोपर लागायचं, एकीचा चिमटा निसटला की दुसरीचा हात हलायचा. दिवा एकच पुरायचा. बोलायचं काय हे दोघींनाही सुचत नव्हतं, आणि इतक्या जवळ बसून न बोलणं दोन काठांवर बसून न बोलण्यापेक्षा अवघड होतं. शेवटी धाकटीच भिंगातून डोळा न काढता म्हणाली, "आईंचा खांदा कसाय?"

"माझ्यामुळे दुखतोय म्हणतात."

"मला म्हणाल्या, माझ्यामुळे."

भांडण मिटलं, असं कोणीच म्हणालं नाही. थोरलीला पुष्कळ दिवस कळत नव्हतं की ते मिटलंय, की नुसतंच थांबलंय, की मुळात झालंच नव्हतं. विचारावं तर त्यातून नवीन काहीतरी निघायचं, म्हणून तिने विचारलं नाही. रोज दोघी हातभर हातभर लांब सरकत होत्या आणि बोलणं मात्र सुरू राहिलं होतं, त्यामुळे आवाज रोज थोडा वाढवावा लागत होता. दहाव्या-अकराव्या दिवशी दोघी आपापल्या काठाजवळ पोचल्या तेव्हा दिराच्या घोरण्यापासून वरच्या मजल्यावरच्या गळक्या नळापर्यंतचं सगळं जोडखात्याला ऐकू येत होतं, आणि भिंगकाका दारात उभे राहून सांगत होते, "बायांनो, जरा हळू. पलीकडे माग चालू आहेत, त्यांनाही ऐकू जातंय."